चहाच्या वेळी वाढणारा डीएनए

तीर्थस्वरूप मामांस भाचीचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिन्याशी बोलू लागला असेल आणि मामींनी बंद केलेलं गोड अजून बंदच असेल, अशी आशा आहे. (दुसऱ्या गोष्टीची खात्री नाही.) पत्राला कारण कृतज्ञता. तुमच्या बंद झालेल्या फोटो स्टुडिओने माझी अब्रू वाचवली.

त्या रानातल्या पिवळ्या फुलाचं वकीलपत्र मी घेतलंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बागेतल्या त्याच्या भावंडाला सगळे मिरवतात, याला कुणी विचारत नाही, म्हणून माझं रक्त उसळलं. दोघांच्या मुळांची टोकं रंगवली. हा रंग पेशीच्या केंद्रकातला डीएनए तेवढा धरतो. डीएनए जास्त, तर ठिपका गडद. सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा फोटो काढतो, संगणक गडदपणा मोजतो. बागेतलं सकाळी मोजलं, रानातलं दुपारी. रानातलं जवळजवळ दुप्पट भरलं. मग काय, प्रयोगशाळेच्या भर सभेत टेबलावर मूठ आपटून मी सांगितलं की ही वेगळीच जात आहे आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर अन्याय केला आहे. टाळ्या पडल्या. आमच्या प्रमुख बाई (ज्या सहसा मानही हलवत नाहीत) लेख छापायला पाठवायला निघाल्या.

कौतुक करून घ्यायला तुम्हाला फोटो पाठवले, तर तुम्ही ठिपक्यांकडे पाहिलंच नाही. फोनवर एवढंच म्हणालात, "अगं, ठिपक्यांमागची रिकामी काच दुपारी काळवंडली कशी? दिवा मंदावतोय तुझा." त्यावर मी तुम्हाला विज्ञानातला प्रकाश आणि लग्नातले फोटो यांतला फरक समजावला. (पाऊण तास. तुम्ही ऐकून घेतलंत, हे दुसरं ऋण.) मग फोन ठेवून दिव्याच्या वायरीचा माग काढत गेले. त्याच बोर्डावर आमची चहाची भली मोठी विजेची किटली. दुपारी सगळ्यांचा चहा होईपर्यंत दिवा मान टाकतो, ठिपके गडद होतात आणि माझ्या बंडखोर फुलाचा डीएनए चहाबरोबर उकळून वर येतो.

किटली हलवली, दर वेळी आधी दिवा तपासायला रिकामी काच टिपली आणि पुन्हा मोजलं. दोघं सख्खी भावंडं निघाली. लेख बाईंच्या टेबलावरच थांबला. मामा, आभाराला शब्द कमी पडताहेत, आणि मला ते कधी पडत नाहीत.

तुमची भाची

ता. क. पुढच्या सभेत त्याच टेबलामागे उभं राहून मला "मी चुकले" म्हणायचंय. पहिल्या रांगेत येऊन बसाल का? मी भरकटले, की फोटो काढताना म्हणायचात तसं नुसतं "हलू नकोस" म्हणा.

आणखी एक. भाषण एकाच वाक्याचं आहे. सध्या ते अकरा पानांवर गेलंय, आणि त्यातली नऊ किटलीविरुद्ध आहेत.