तीन टवके

बाबा,

काल शिवालिकला जाऊन आले. ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस चंडीगडला आलेय, त्यातली अर्धी दुपार मोकळी मिळाली. पाय आपोआप तिकडे वळले असं लिहिणार होते, पण कसले पाय वळतायत, चांगली टॅक्सी ठरवून गेले. पिंजोरच्या बाजूला आपण जायचो त्याच चोमध्ये. चो म्हणजे पावसापुरती नदी, एरवी नुसते गोटे, हे तुम्हीच शिकवलं होतं मला. टॅक्सीवाला बिचारा गोंधळला. "मैडम, मंदिर तो पीछे रह गया, यहाँ तो कुछ भी नहीं है," म्हणाला. मी म्हटलं, भैया, इथेच थांबा, मला दगड बघायचेत. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. गुडघे कुरकुरत होते तरी उतरले खाली. तासभर हिंडले, वीसएक गोटे उचलून बघितले, आणि बाबा, मला एकाही दगडाबद्दल काही सांगता येईना. आपोआप फुटलाय की कुणी फोडलाय? तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते तर पटकन सांगायचे. आता पन्नाशी उलटली आणि काहीच कळेनासं झालंय.

आपल्या घरात तर त्या डोंगरांवरून रोजचं भांडण. आईचं म्हणणं, शिवालिक म्हणजे शंकराच्या जटा, तेव्हा तिथला गोटा म्हणजे साक्षात बाण, पूजेतला शंकरच. अमरावतीच्या घरचं पंचायतन मोठ्या काकांकडे राहिलं, बदलीच्या गावी, चंडीगडला, आपल्या देवघरात शंकरच नाही, ही तिची खंत. देवघरात ठेवायला एक गुळगुळीत लांबट बाण आणा, एवढंच मागणं होतं तिचं. तुम्ही म्हणायचात, "तिथला एकूणएक गोटा शंकर असेल तर माणसानं पाय कुठं ठेवावा वं?" तुम्हांला तिथे देव नको होता, माणूस हवा होता, लाखो वर्षांपूर्वी त्या चोच्या काठी बसून दगडाला दगड हाणणारा. सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत आठवडाभर भिंगं घासायची आणि रविवारी डोंगरात जाऊन त्या माणसाच्या हातचं काम शोधायचं. "तोही आपल्याच धंद्यातला," म्हणायचात.

आणि तुमच्या जोडीला सरदारकाका. तुमच्याच वर्कशॉपमध्ये, शेजारच्या टेबलावर. उंचेपुरे, निळी पगडी, हसले की खांदे हलायचे. आईच्या हातचा ठेचा खाताना घामाघूम व्हायचे आणि "भाभीजी, होर!" म्हणून पुन्हा ताट पुढे करायचे. डोंगरातल्या वाटा त्यांना माहीत, दगडाची पारख तुम्हांला. दोघांनी मिळून मला नियम शिकवला होता. दगडाचा एक टवका उडालेला असेल तर फसायचं नाही, वरून घरंगळला तरी एक टवका उडतो. दोन उडाले तरी योगायोग म्हणायचा. पण एकाच बाजूनं, एकामागोमाग एक, असे तीन टवके उडाले असतील तर समजायचं की हात लागलाय. "आपोआप इतकं नेमकं काही होत नसतं, बेटा," तुम्ही म्हणायचात.

दिवस कसले होते ते तुम्हांला सांगायला नको. चौकाचौकात वाळूची पोती, बसमध्ये पाटी की सीटखाली बघून बसा, रोज सकाळी रेडिओवर पंजाबात कुठे बॉम्ब फुटला, किती मेले. शाळेत माझ्या बाकावरच्या मुलीनं मला कानात सांगितलं होतं की सरदारांच्या थैलीपासून लांब राहायचं. मी घरी येऊन ते तसंच्या तसं बोलले, आणि तुम्ही, ज्यांनी मला कधी बोट लावलं नाही, त्यांनी माझा कान असा पिळला की दोन दिवस दुखत होता. "आपल्या घरात जेवतो तो माणूस," एवढंच बोललात. म्हणजे मला सगळं कळत होतं बाबा. थैली या शब्दाला त्या शहरात काय वजन होतं, ते मला कानासकट कळलं होतं.

तो रविवार मला अजून दिसतो. हिवाळा आहे, मी तुमचा मफलर गुंडाळून स्कूटरवर पुढे उभी, मागे सरदारकाका, त्यांच्या मांडीवर खाकी थैली. अकरापर्यंत परत यायचं म्हणून आईनं बजावलंय. चोमध्ये उतरल्यावर पाचच मिनिटांत मला तो सापडतो. तपकिरी, माझ्या मुठीपेक्षा मोठा, एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं धार. तीन टवके. मी मोजले, पुन्हा मोजले आणि किंचाळले. तुम्ही धावत आलात, उन्हात धरून फिरवलात आणि म्हणालात, "बाप्पा! हे तर हत्यार आहे. आदिमानवाचं हत्यार!" इतका आनंद तुमच्या तोंडावर मी पहिल्या नंबराच्या प्रगतिपुस्तकालाही पाहिला नव्हता. मग तुम्ही तो सरदारकाकांच्या हातात दिलात. त्यांनी तो रुमालात गुंडाळून आपल्या थैलीत ठेवला, आईसाठी उचललेल्या बाणाशेजारी. कुणा जाणकाराला दाखवू म्हणाले. मी म्हटलं, माझा आहे, मी धरते. तुम्ही म्हणालात, पाडशील. बस्स. एवढ्यावरून मी फुगले. परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलले नाही, आणि तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून दगडाबद्दलच बोलत होता.

नाक्यावर स्कूटर अडवली. नेहमीचंच होतं ते. एक तरुण शिपाई, मिसरूड नुकतं फुटलेलं, माझा मफलर पाहून हसला. "गुड़िया, पिकनिक से आई? थैले में क्या लाई हो?" मला विचारलं त्यानं, लाडानं. आणि मी बोलले.

पुढचं तुम्ही आयुष्यभर सांगितलंत. पुण्याला बदली झाल्यावर कुणीही पाहुणे आले, चहा झाला की तुम्ही सुरू. "आमची पोर काय म्हणाली असेल? म्हणाली, हमारे थैले में हथियार है! अहो, मराठीत हत्यार म्हणजे सुताराचं, गवंड्याचं, आदिमानवाचंही हत्यारच. हिंदीत झालं ना ते बंदूक! आली की नाही पंचाईत?" मंडळी खो खो हसायची. कुणी तरी माझा गालगुच्चा घ्यायचं. मग तुम्ही कसे ओरडलात ते सांगायचात, "साहब, मराठी! मराठी में औज़ार!" आणि अधिकाऱ्यानं शेवटी तो दगड हातात घेऊन कपाळाला हात लावला आणि आपल्या नोंदवहीवर पेपरवेट म्हणून ठेवून दिला. तिथे गोष्ट संपायची. शेवटी हशा.

मधलं तुम्ही गाळायचात. काकांना हात वर करून भिंतीला उभं केलं, ते गाळायचात. त्यांची पगडी सोडायला लावली, ते गाळायचात. मी त्यांचे केस त्याआधी कधी पाहिले नव्हते. कमरेपर्यंत आले, वाऱ्यानं तोंडावर यायला लागले, आणि हात वर असल्यामुळे त्यांना ते बाजूलाही करता येईनात. आई म्हणायची त्या शंकराच्या जटा, हेच माझ्या डोक्यात आलं, लाज वाटते सांगायला. तुम्ही मला घरी सोडून ऑफिसातून त्यांची ओळख पटवणारा कागद आणायला पळालात. दिवेलागणीला ते सुटून आले, जिन्यात उभं राहून आईच्या हातात बाण दिला, "लो भाभीजी, आपके शिवजी," म्हणाले. चहा घ्यायला थांबले नाहीत. वर्कशॉपमध्ये तुमचं बोलणं चालू राहिलं असेल, मला ठाऊक नाही. रविवार मात्र बंद झाले. ठेचा उरायला लागला.

आता मी तुमच्याच नियमानं मोजते. पहिला टवका: हत्यार हा शब्द. त्याच्या आदल्याच आठवड्यात हिंदीच्या चाचणीत प्रश्न होता, वाक्य में प्रयोग करो. मी लिहिलं होतं, बढ़ई अपने औज़ार लाया. त्याच्या खालच्याच ओळीत, सिपाही के पास हथियार है. दोन्हींवर मॅडमची बरोबरची खूण होती आणि त्या पेपरवर पालकाची सही तुमची होती, बाबा. तुम्ही विजेचं बिलसुद्धा दोनदा वाचल्याशिवाय हातावेगळं करत नव्हता. दुसरा टवका: मी "हमारे" म्हटलंच नाही. तुमच्या गोष्टीत ते "हमारे" आहे. मी म्हणाले होते, "अंकल के थैले में हथियार है." तिसरा: मी मागे वळून थैलीकडे बोट दाखवलं. एकाच बाजूनं, एकामागोमाग एक. तरी मला खात्रीनं सांगता येत नाही. मला काय व्हायला हवं होतं? ते मरावेत असं थोडंच? मला दगड परत हवा होता. का मला फक्त बघायचं होतं, तो शब्द बोलल्यावर काय होतं ते? पोरं काडेपेटी हातात आली की एक काडी ओढून बघतात, तसं? आणि तुम्ही, माझ्यामागे एका वितीवर बसून सगळं ऐकलेले तुम्ही, तुम्ही "अंकल के" चं "हमारे" कुणासाठी केलंत? मला वाचवायला, की आपली पोर अशी नाही हे स्वतःलाच पटवायला? दर वेळी हशा पिकला की तुम्ही एकदा माझ्याकडे बघायचात. मला वाटायचं, कौतुकानं. आता मला तेही कळत नाही.

आज सकाळी काकांकडे गेले होते. ते आता मुलाकडे असतात, चंडीगडजवळच्या खरड गावी, चौथ्या मजल्यावर. दर दिवाळीला आईला फोन करतात, म्हणून पत्ता होता. सांगायचंच असं ठरवून गेले होते. रात्रभर वाक्यं जुळवली होती, हिंदीत, चुकू नये म्हणून. दाढी पांढरीशुभ्र, हात थरथरतो, पण मला बघितल्यावर खांदे तसेच हलले. सुनेला हाक मारून म्हणाले, "ये वही है, हथियार वाली!" आणि तुमचीच गोष्ट सांगायला लागले, तुमच्याच शब्दांत, "हमारे थैले में" सकट. स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या माणसानं! पगडीचं त्यांनीही गाळलं. सून हसली आणि चहा टाकायला आत गेली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तेरे पापा जब तक थे, हर फ़ोन पे माफ़ी माँगते थे। कहते थे, गलती मेरी है यार, मैंने ही उसको वो शब्द दिया। मैं कहता, छड यार, बच्ची थी।"

बाबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी तिथे पर्सचा पट्टा पिळत बसले.

सून चहा ठेवून आत गेली. मग ते पुढे झुकले, कप खाली ठेवला. हसत नव्हते. "सच बताना पुत्तर. तुझे पता तो नहीं था?"

इतकी वर्षं त्यांनी तो प्रश्न जपून ठेवला होता, मला स्पष्ट दिसलं. माझी वाक्यं तयार होती. त्यांच्या डोळ्यांत बघून मी म्हटलं, "नहीं अंकल जी."

त्यांनी श्वास सोडला. "बस. मैं भी यही कहता था," म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. निघताना लिफ्टपर्यंत आले, आईसाठी पिन्नीच्या लाडवांचा डबा दिला. मी तो घेतलाही.

आता गेस्टहाऊसच्या खोलीत बसलेय, तासाभरात निघायचंय. खरं म्हणजे हे पत्र त्यांना लिहायला हवं होतं. खरडचा पत्ता पर्समध्ये आहे, पिनकोडसकट. तुम्हांला लिहितेय, कारण तुम्हांला लिहिलेलं टपालात टाकावं लागत नाही.