मुआजचा अर्ज, माझं व्याख्यान

१२ सप्टेंबर २०११, सोमवार

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. स्वेच्छानिवृत्तीला सव्वा वर्ष झालं, तरी अभ्यासू माणसाने नोंदी ठेवल्याच पाहिजेत. यावेळी खंड पडणार नाही.

सकाळी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, व्याख्यान मी द्यायचं. पनवेलमध्ये आंतरराष्ट्रीय विषयावर बोलू शकणारं दुसरं कोण आहे, असं ते म्हणाले. (दुसरा वक्ता आजारी आहे, असंही म्हणाले.) विषय मीच सुचवला: एका देशाचा मानवी हक्कांचा लेखाजोखा आणि त्याचे परराष्ट्रांशी संबंध. देश आखातातला घेतलाय. नाव इथे लिहीत नाही. रोजनिशी कुणाच्या हाती लागली तर द्विपक्षीय संबंधांवर परिणाम नको.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या हुस्नबानोबाई आल्या. त्यांचा मुआज त्याच देशात एसी मेकॅनिक आहे. काँट्रॅक्ट जूनमध्ये संपलं. कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतलाय आणि सोडत नाही. तिथे कंपनीच्या परवानगीशिवाय देशाबाहेर पडता येत नाही. इकडे बहिणीचा, नाझियाचा, निकाह २० नोव्हेंबरला ठरलाय. मुलीला बाप नाही, सगळं भावानेच करायचं. आपल्या वकिलातीला अर्ज गेला तर ते लोक कंपनीशी बोलतात, असं कुणीतरी सांगितलंय.

नाझिया म्हणत होती मीच लिहिते. ती बालवाडीत शिकवते. पण बाई म्हणाल्या, सरकारी कागद जाणत्या माणसानेच लिहावा. "भाऊ, पोराची अर्जी तेवढी लिहून द्या." एक प्लास्टिकचं फोल्डर दिलं. त्यात पासपोर्टची झेरॉक्स, कंपनीचा पत्ता आणि बाईंच्या सहीचं मूळ संमतिपत्र, जे अर्जासोबत जायला हवं.

दोन दिवसांत पाठवतो, म्हटलं.

१४ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस झाले. अर्ज सुरू केला आणि लक्षात आलं की हा साधा अर्ज होऊच शकत नाही. पार्श्वभूमी लागेल. १९४८च्या जाहीरनाम्यापासून सुरुवात केली. मसुदा क्रमांक एक तयार. चार पानं. मुआजचं नाव तिसऱ्या पानावर येतं.

२२ सप्टेंबर

मसुदा क्रमांक तीन. नऊ पानं. सुमतीला वाचायला दिला. तिने चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि विचारलं, यात मुआज कुठाय? सातव्या पानावर, म्हटलं. ती भाजी निवडायला गेली. बायकोला संदर्भाचं महत्त्व पटवणं कठीण.

उद्या छोटा करतो.

१ ऑक्टोबर, शनिवार

तुळशीराम शेठ घरी आले. एसटी स्टँडजवळ त्यांचं परदेशी नोकऱ्या लावून द्यायचं ऑफिस आहे. मुआजला त्यांनीच पाठवलं होतं. माणूस मात्र दिलदार. व्याख्यानाचा हॉल, स्टेज, बॅनर आणि चहा सगळं त्यांच्याकडून. शिवाय आमच्या सुशांतसाठी सुपरवायझरची जागा बघितलीय, त्याच देशात. पोरगा डिप्लोमा करून दोन वर्षं तळोज्यात टेंपररीवर आहे. कागद आजच दिले.

जाताना सहज म्हणाले, तुमच्या खाली तक्रारी-बिक्रारीचं काही चाललंय का? एका माणसाची तक्रार गेली की तिकडची कंपनी पनवेलचे सगळेच पासपोर्ट बाजूला टाकते.

विचार केला. अर्जाचं टायमिंग आत्ता बरोबर नाही. मोठमोठे देशसुद्धा असंच करतात. उघड बोललं की समोरचा अडून बसतो. याला शांत मुत्सद्देगिरी म्हणतात. व्याख्यानात यावर स्वतंत्र भाग घेणार.

सुशांतच्या कागदांचा आणि या निर्णयाचा काहीही संबंध नाही. हे स्वच्छ लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा मनात येणार नाही.

दुपारी ४.३०. पुन्हा मनात आलं.

९ ऑक्टोबर

जिन्यात हुस्नबानोबाई. अर्जीचं काय झालं भाऊ, विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "गेलीय दिल्लीला. प्रोसेसमध्ये आहे."

हे अगदीच खोटं नाही. प्रोसेसमध्ये आहेच. मसुदा क्रमांक पाच झालाय.

त्यांनी हात उचलून दुआ दिली. माझ्या मुलाबाळांना.

आजपासून दुपारी त्यांच्या नमाजाच्या वेळीच खाली उतरायचं. बिल्डिंगला दुसरा जिना नाही, ही बिल्डरची चूक.

२८ ऑक्टोबर, भाऊबीज

फराळाचं ताट सुमतीने माझ्याच हातात देऊन खाली पाठवलं. मुद्दाम, असं मला वाटतं. बाईंनी बसवलं. मुआजचा फोन आला होता म्हणाल्या. एका खोलीत अकराजण. खोलीला एसी नाही. दिवसभर दुसऱ्यांचे एसी दुरुस्त करतो आणि अंघोळीचा टॉवेल भिजवून अंगावर घेऊन झोपतो. "आई, शेरवानी शिवायला टाक, माप तेच आहे," असं म्हणाला.

बाईंनी अर्जाचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

एसी दुरुस्त करणाऱ्याच्या खोलीत एसी नाही, हे व्याख्यानात घेण्यासारखं आहे. वर येऊन लगेच टिपून घेतलं. टिपताना कसंतरी झालं. चिवडा जास्त खाल्ल्यामुळे असेल.

ठरवलं. उद्या, २९ तारखेला, मसुदा कसाही असो, पाठवायचा.

२९ ऑक्टोबर

सुशांतच्या मेडिकलची तारीख आली. आज नको.

१२ नोव्हेंबर

तुळशीराम शेठनी भाषण वाचायला मागितलं होतं. हॉल त्यांचा, म्हणून दिलं. एजंटांवरचा परिच्छेद निगेटिव्ह वाटतो म्हणाले. काढला. एकूण ओघ सुधारला. 'अडकवून ठेवणे' याऐवजी 'प्रशासकीय विलंब' केलं. 'कामगारांचे हाल' याऐवजी 'हवामानविषयक आव्हाने'. लेखकाने लवचिक असावं.

सुमती म्हणाली, निकाह आठ दिवसांवर आलाय. मला माहीत आहे, म्हटलं. ती म्हणाली, माहीत आहे हेच तर वाईट.

१३ ते १८ नोव्हेंबर

नोंद नाही. कणकण.

२० नोव्हेंबर, रविवार

नाझियाचा निकाह झाला. मुआज नव्हता. तारीख पुढे ढकलायचा प्रयत्न झाला, पण पुढच्या आठवड्यात मोहरम सुरू होतोय, आणि नवरा उरणचा, बंदरात नोकरीला, त्याला पुन्हा रजा नाही.

मी मागे बसणार होतो. हुस्नबानोबाईंनी निरोप पाठवून पुढे नेलं आणि नवरदेवाशेजारच्या खुर्चीवर बसवलं. उरणच्या व्याह्यांना माझी ओळख करून दिली. आमच्या मुआजसाठी दिल्लीपर्यंत लिहिणारे. त्या म्हाताऱ्याने उठून दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी म्हटलं, माझं कर्तव्यच आहे. हे वाक्य मला पुष्कळ दिवस आठवेल असं दिसतंय.

मुलगी निघताना मुआजचा फोन आला. मोबाईल स्पीकरवर ठेवून नाझियाच्या डोक्याजवळ धरला. तो काहीतरी विनोद करत होता, तिच्या पावडरवरून. मग लाईन तुटली. शेरवानी आत खाटेवर घडी करून ठेवलेली होती. हात धुवायला गेलो तेव्हा दिसली.

जेवण जाणार नाही असं वाटत होतं. बिर्याणी दोनदा घेतली. नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं.

२७ नोव्हेंबर

नाझिया माहेरी आलीय. सकाळी वर आली. काका, मुआजचे कागद द्या, एक झेरॉक्स काढायचीय. फोल्डर दिलं. तिने दारातच उघडून बघितलं. एकेक कागद. आईच्या सहीचं मूळ संमतिपत्र हातात घेऊन जरा वेळ उभी राहिली. मग थँक्यू काका म्हणाली आणि गेली.

तिच्या काही लक्षात आलेलं नाही. नुकतं लग्न झालेल्या मुलीचं लक्ष असं बारीकसारीक गोष्टींकडे नसतं.

सुमती दिवसभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

३ डिसेंबर, शनिवार

मोठी बातमी. वकिलातीतून कंपनीला फोन गेला. मुआजचा पासपोर्ट परत मिळाला, त्याच्याबरोबर आणखी चौघांचाही. मंगळवारी येतोय.

शांतपणे विचार करता, यात माझा वाटा नाही असं म्हणता येणार नाही. वर्तमानपत्रांना दोन पत्रं पाठवली होती (छापली नाहीत, पण कुणीतरी वाचली असणार). भाषणाची जाहिरात महिनाभर लागलीय. अशाने वातावरण तयार होतं. मोठे बदल वातावरणातूनच होतात.

भाषणात या केसचा उल्लेख करणार. संयमाने. स्वतःचं नाव न घेता, पण कळेल अशा बेताने.

६ डिसेंबर

मुआज आला. जिन्यात गाठ पडली. बारीक झालाय, मानेवर उन्हाने काळा पट्टा उठलाय. वाकून नमस्कार करायला लागला. मी घाईने वर आलो. गॅसवर दूध होतं. (नव्हतं.)

१० डिसेंबर, शनिवार

व्याख्यान झालं. लगेच लिहितोय, कारण उद्यापर्यंत वेगळं आठवू लागेल.

श्रोते एकोणीस. त्यात मंडळाचे आठ आणि चहावाला. शेवटच्या ओळीत मुआज आणि नाझिया. त्यांना कुणी बोलावलं कळलं नाही. सुमतीने, असं आता वाटतंय.

पाऊण तास छान गेला. राष्ट्रं आपल्या भागीदारांना दुखवू शकत नाहीत, कारण तेल, नोकऱ्या, व्यापार, हे सविस्तर सांगितलं. मग केस सांगितली. पनवेलच्या एका तरुणाची सुटका, पडद्यामागच्या प्रयत्नांमुळे. टाळ्या पडल्या. मुआजनेही वाजवल्या. नाझियाने नाही.

प्रश्नांच्या वेळी आपट्याहून आलेल्या एक बाई उठल्या. गंगाबाई. त्यांचा नवरा तिकडेच, चार महिने झाले, पासपोर्ट नाय, फोन पण आठवड्यातून एकदाच येतो. त्यांनी एवढंच विचारलं, "सायेब, मी काय करू?"

मी चांगला प्रश्न आहे म्हणालो आणि १९४८पासून सुरू केलं. बाई उभ्याच. पाच-सात मिनिटांनी नाझिया उठून त्यांच्याजवळ गेली, बसवलं आणि पर्समधून एक कागद काढला. त्याची एक प्रत माझ्याही हाती आली. वकिलातीला लिहिलेला मुआजचा अर्ज, तारीख २८ नोव्हेंबर. नाव, पासपोर्ट नंबर, कंपनी, काय झालं, काय हवं. साधी भाषा. पान अर्धंही भरलेलं नाही. सायबर कॅफेतून मेल केला, मूळ सहीचा कागद रजिस्टरने पाठवला, पाचव्या दिवशी उत्तर आलं, असं ती गंगाबाईंना सांगत होती. मागच्या खुर्च्यांवरचे लोक तिच्याभोवती जमले. अध्यक्षसुद्धा. मी आभाराची वाट बघत माईकपाशी उभा होतो.

पाचव्या दिवशी. मी शहात्तर दिवस फोल्डर ठेवून घेतलं होतं. आत्ताच मोजले.

११ डिसेंबर, रविवार

सकाळी ९.१५. तुळशीराम शेठनी सुशांतच्या काँट्रॅक्टची कॉपी पाठवली. पाच जानेवारीला जायचंय. कलम बारा: पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात राहील, सुरक्षिततेसाठी.

लगेच कागद घेतला. हे कलम आम्हाला मान्य नाही, मुलाचा पासपोर्ट मुलाकडेच राहील, नसेल तर कागद परत करा. खाली सही. स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिला आणि घरी आलो. १० वाजले होते. मसुदा नाही, संदर्भ नाही, शुद्धलेखन तपासायचंही सुचलं नाही.

खुर्चीत बसलो. सुमतीने चहा आणून ठेवला. मग मी खाली गेलो.

हुस्नबानोबाई एकट्याच होत्या. मुआज आत झोपला होता. मी म्हटलं, अर्ज मी पाठवलाच नव्हता. दिल्लीला काहीच गेलं नव्हतं.

"कळलं होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. सुशांतचे कागद तुळशीरामकडे आहेत, हे त्यांना दिवाळीच्या आधीच समजलं होतं. पोरगा अडकला की आईबापाचं काय होतं ते त्यांना माहीत होतं, म्हणून जिन्यात एकदा विचारून पुन्हा विचारलं नाही. रोज वाटायचं, आज भाऊ स्वतःहून पाठवतील.

मग निकाहात मला पुढे का बसवलंत, विचारलं.

"ती मुआजची खुर्ची होती. उरणच्या लोकांसमोर रिकामी ठेवायची नव्हती."

मी सॉरी म्हणालो. त्यांनी मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं ते कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

उठताना त्यांनी एक पाकीट आणलं. गंगाबाईंच्या नवऱ्याचा अर्ज, नाझियाने करून दिलेला. ती सकाळीच उरणला गेली. मुआजला अजून गर्दीत जावंसं वाटत नाही. तुम्ही रजिस्टर करून याल का, विचारलं. माझ्याकडे बघून थोडं थांबून विचारलं.

घेतलं आणि तडक पोस्टात गेलो. रविवार. बंद.

१२ डिसेंबर, सोमवार

पोस्ट उघडायच्या आधी वीस मिनिटं जाऊन उभा राहिलो. रजिस्टर केलं. कुठेही न थांबता परत आलो आणि पावती हुस्नबानोबाईंच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. नंबर वाचला, तारीख वाचली, शिक्का उजेडात धरून बघितला. मग पावती उलटवून मागची बाजूही बघितली.