कथबर्टचा मॅरा

३ ऑक्टोबर, शुक्रवार
कथबर्टला डॉक्टरकडे नेलं. आज वार कोणता, असं डॉक्टरनं विचारलं. हा म्हणतो, "तुला ठाऊक नाही होय, मॅरा?" डॉक्टर हसला. बाहेर आल्यावर मला विचारतो, गाडी कुठं लावलीय. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्याकडे गाडी कधीच नव्हती.

५ ऑक्टोबर, रविवार
क्लबात याचं विसरणं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. येणार कसं? खाणीवरची माणसं ही, एकमेकांना सगळे मॅराच म्हणतात, मित्रा म्हणावं तसं. नाव आठवायची वेळच येत नाही.

सेपला पण पत्ता नाही. तो तर याचा खरा मॅरा, जन्मभर कोळशाच्या थराशी जोडीनं खपले दोघं. "काहीतरीच तुझं, ऑलिव्ह. काल डोमिनोत हरवलं त्यानं मला." मी विचारलं, तुला नावानं कधी हाक मारली शेवटची? सेपनं ग्लास खाली ठेवला.

९ ऑक्टोबर, गुरुवार
मला हा हिनी म्हणतो. इथं बायका हिनी, पुरुष मॅरा. लग्न नवं असताना विचारलं होतं, मला का नाही म्हणत मॅरा? म्हणाला, "तू खाली येतेस का माझ्याबरोबर?"

खाली खाणीत छत कोसळलं तर मॅरा मॅराला टाकून वर येत नाही. याचा पाय अडकला तेव्हा सेप तसाच बसून राहिला होता, माणसं येईपर्यंत. मी वर फाटकाशी उभी होते. मला सेपचा हेवा वाटला होता. उपकार मानायचे सोडून हेवा — पण वाटला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
लेकीचा फोन. "आई, तुझ्याच्यानं नाही होणार. वृद्धाश्रमात सोमवारी खोली रिकामी होतेय. हो म्हण." हो म्हटलं.

त्याच्या शर्टांना नावाच्या पट्ट्या शिवायला घेतल्या. तिथं लागतात म्हणे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
शर्ट झाले. मोजे राहिले.

१९ ऑक्टोबर, रविवार
चहाच्या वेळेला वीज गेली. मेणबत्ती शोधायला उठले तर यानं मनगट घट्ट धरलं.

"हलू नको, मॅरा. छत खाली आलंय."

मी म्हटलं, बरं.

"घाबरू नको. वर ऑलिव्ह फाटकाशी उभी असेल माझ्यासाठी. असू दे. तुला टाकून मी नाही जायचा."

वीज आली तरी हात सोडला नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार
लेकीला कळवलं, खोली नको. पट्ट्या उसवतेय.