तळमजल्याला कुलूप नको

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत; डोकं जागेवर आहे.

१. वरच्या दोन खोल्या, बँकेतली शिल्लक व माझी कात्री मुलीला. कात्रीने कागद कापू नये.

२. तळमजला व तिथलं यंत्र सगळ्या गल्लीच्या मालकीचं. मुलीने ते विकू नये. यंत्र आमच्या ह्यांनी बांधलं. भंगार घातलं की बादली, चपला, खुर्ची, हवं ते निघतं, तेही फुकट. पहिली खुर्ची निघाली तेव्हा हे म्हणाले, "आता पैसा नको, पुढारी नको, देव नको. सगळं पोटभर मिळालं की माणूस कशाला भांडेल?"

मी म्हटलं, "आपण दोघं जेवण झाल्यावरच भांडतो."

वर्षभरात लोक रांगेतला नंबर विकू लागले. मग समिती आली, धाकटे दीर अध्यक्ष झाले आणि दाराला कुलूप लागलं. ज्याने मत दिलं नाही त्याची बादली अडली. एकदा यंत्र बंद पडलं, तर अख्खी गल्ली त्याच्यापुढे हात जोडून उभी! ह्यांनी खाली उतरणंच सोडलं. शेवटी मी हातोडा घेऊन कुलूप फोडलं. दिरांनी माझ्याशी अबोला धरला, तो अजून आहे.

पुढे हे अंथरुणाला खिळले. शेजारची नर्स रोज येऊन बसू लागली. एके दिवशी दीरही आले आणि मुकाट्याने भावाचे पाय चेपू लागले. ह्यांनी मला विचारलं, "ही माणसं का येतात गं? यांना आता काय कमी आहे?"

"काही कमी नाही, म्हणून तर वेळ आहे," मी म्हटलं. हे बऱ्याच दिवसांनी हसले.

३. म्हणून माझी सक्त ताकीद. गल्लीने खुशाल पुढारी निवडावेत, देव मांडावेत, घासाघीस करावी. त्याशिवाय माणसाला करमत नाही. पण ते सगळं अंगणात. यंत्रापाशी कोणाचीही बादली अडवायची नाही, आणि दाराला पुन्हा कुलूप लावायचं नाही.

४. दिरांना काही ठेवलेलं नाही. साक्षीला मात्र मुद्दाम त्यांनाच बोलावलं आहे.

स्थळ: राहतं घर, वरची खोली. दिनांक: बारा मार्च.

सही: शिवणवाली

साक्षीदार:
१) शेजारची नर्स
२) धाकटा दीर. वहिनी, कलम तीन मला मान्य नाही. उद्या सकाळी येतो, बोलू.