दाराआडचं आमेन

प्रिय आईस,
सप्रेम सलाम.

तू नगरला पोचून पंधरा दिवस झाले. फोनवर जीभ रेटत नाही म्हणून लिहितेय, पण हे पत्र मी टाकणार नाही.

तू इकडे परदेशात आलीस तेव्हा आमच्या पुंगोलच्या फ्लॅटवरच्या पहिल्या प्रार्थनासभेत तू हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत ताटं उचलणाऱ्या म्हातारीसाठी पदर पसरून, मोठ्यानं रडत मागणं केलंस. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून पुढच्या रविवारी तुला म्हटलं, "आई, तू आतच पड." लोकांना सांगितलं, आईचं डोकं फार दुखतंय.

मग मी बायबलचा पाठ दिला. विषय होता, दीन मनाच्या माणसांवर देवाची कृपा. छान बोललीस, म्हणाले सगळे.

शेवटी आजाऱ्यांची नावं घेतात, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. गायकवाड काका म्हणाले, "संजीवनी, आईंसाठी तूच मागणं कर." मी डोळे मिटून तुझ्या न दुखणाऱ्या डोक्यासाठी मागणं केलं. सगळ्यांच्या आधी दाराआडून तुझं "आमेन" आलं.

चहाच्या वेळी तू बाहेर आलीस. काकांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"थांबलं की डोकं दुखायचं. लेकीनं मागितलं ना!"

लहानपणी एका खोट्यासाठी मला दिवसभर चर्चच्या पायरीवर बसवणारी तू, आई. माझी लाज राखायला सगळ्यांसमोर खोटं बोललीस. आणि मी खाली मान घालून तुझ्या चहात साखर ढवळत राहिले.

तुझी,
संजीवनी