बांधलेला डबा

॥ श्री ॥
लालबाग, ८ एप्रिल १९८६

ती. सौ. राधाताईस,
धाकट्या दमयंतीचा सा. न. वि. वि.

तुझी मिरची पोचली, उन्हात वाळवली आणि काल कुटूनही झाली. हे गेल्यापासून मसाला कुटायचा डंका मी एकटीच चालवते, पण यंदा इतका लाल मसाला कुणाचा निघाला नाही. शेजारणींना सांगू नकोस, भांडतील.

गिरण्यांच्या संपात गावी गेलेल्यांचे डबे अजून माझ्या फळीवर असतात. कुणी निघालं की नेतं. घरच्या माणसानेच डब्याला फडकं बांधायचं, आणि बांधलेला डबा डंक्यावर कुणी सोडायचा नाही, हा ह्यांनी घालून दिलेला नियम मी मोडत नाही. परका हात लागला की मसाल्याला कीड लागते, असं तूही म्हणतेस. म्हणून तुझ्या दत्तूला बोलावलं. तुझ्या निळ्या लुगड्याच्या फडक्याने त्याने डबा बांधला. नंतर दोन-चार वेळा येऊन बघून गेला. एकदा म्हणाला, गाठ सैल झालीय, परत बांधतो. मी थट्टा केली, की आईच्या मसाल्यात एवढा जीव, बायको आली की भांडेल हो. हसला नाही. मिल सुटल्यापासून फार वाळलाय. झोप येत नाही म्हणतो.

डबा शेजारच्या हरेश्वरबरोबर मे महिन्यात पाठवते. आहे तशीच माया ठेव.

तुझी दमयंती


आचरा, १७ एप्रिल

चि. दमयंतीस राधाताईचे अनेक आशीर्वाद.

मी सांगते आणि सून पद्मजा लिहिते. तुझ्यासारखी अक्षरं लावत बसायची चिकाटी मला नाही. मसाल्याचं कौतुक पुरे. गेल्या वर्षी दगडफूल विसरली होतीस, ते माझ्या लक्षात आहे.

दत्तूला चार दिवस बांगड्याचं कालवण खायला घाल. मन लागत नसेल तर गावी धाड. इथे त्याच्या थोरल्या भावाची होडी आहे, जाळं आहे. पण मुंबईहून रिकाम्या हाताने कसा येऊ, म्हणून लाजतो. तुझ्यावर टाकलाय, म्हणून मला झोप लागते.

जिवाला जप.

राधाताई


लालबाग, २ मे

ती. राधाताईस, सा. न. वि. वि.

हे पत्र बसून ऐक. परवा पोलीस डंक्यावर आले. गर्द, ती नशेची पूड, विकणारा एक माणूस पकडला गेला, त्याने माल आमच्या गल्लीतल्या डंक्यावर असतो असं सांगितलं म्हणे. मी साहेबांना म्हटलं, बघा खुशाल, इथे मिरचीशिवाय काही नाही. त्यांनी फळीवरचे डबे सोडायला घेतले. हवालदार शिंकून बेजार, गल्लीतली माणसं हसायला लागली. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

मग एकाने निळ्या फडक्याला हात घातला. मी पुढे झाले. म्हटलं, हा तेवढा सोडू नका, माझ्या थोरल्या बहिणीचा आहे, परका हात तिला चालत नाही. साहेब थांबले. कुणी बांधला, असं त्यांनी अगदी सहज विचारलं. तिच्या लेकाने, दत्तूने, इथे भोईवाड्यात राहतो, असं मी सांगितलं. ताई, मी कौतुकाने सांगितलं.

तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गर्दच्या पुड्या निघाल्या. संध्याकाळी दत्तूला खोलीवरून नेलं. तो स्वतःही ओढतो. झोप येत नाही म्हणायचा, ते त्यामुळे. पेपरात चार ओळी आल्यात. हे गेल्यावर मसाल्याच्या पुडीच्या कागदांवरची अक्षरं लावत मी वाचायला शिकले. काल वाटलं, शिकले नसते तर बरं.

वकील बघते आहे. तुझा मसाला पोलिसांनी मोहोर लावून नेला.

दमयंती


आचरा, ११ मे

मावशी, वर आशीर्वाद लिहू का म्हणून विचारलं, सासूबाई उठून आत गेल्या. म्हणून जागा सोडली आहे. पुढचं त्या सांगतात तसं. – पद्मजा

तुला पुढे व्हायला कुणी सांगितलं होतं? गिऱ्हाईक डबे ठेवून जातं, कुणाचा कुठला मला ठाऊक नाही, एवढं म्हणता आलं नाही? तेवढ्यात तो गावी पोचला असता. मी आई आहे, मला खरंखोटं शिकवू नकोस. पोर रोज तुझ्या डोळ्यांसमोर वाळत होतं. तू गाठ बघत बसलीस गो.

यापुढे पत्र घालू नकोस.


आचरा, २० मार्च १९८७

चि. दमयंतीस आशीर्वाद.

दिवाळीनंतर मी मुंबईत येऊन गेले. तुरुंगात दत्तूला भेटले आणि तुझ्या दारावरून तशीच परतले. तुला कुणीतरी सांगितलंच असेल.

दत्तू म्हणाला, मावशी डबा सोडणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणूनच माल तिथे ठेवला. तिच्यावर राग धरू नकोस, असंही म्हणाला. मी धरला होता. अजून थोडा आहे.

हरेश्वरबरोबर मिरची धाडली आहे. यंदा बांधायला दत्तू नाही. तूच बांध. तूही घरचीच.

राधाताई


लालबाग, ६ एप्रिल

ती. राधाताईस, धाकटीचा सा. न. वि. वि.

मिरची मीच वाळवली, मीच कुटली, डबा मीच भरला. फडकं बांधायला घेतलं आणि हात थांबला. मग तळापर्यंत हात घालून चाचपून बघितलं. काही नव्हतं. असणार कुठून? तरी बघितलं. हे तुला सांगितल्यावाचून डबा पाठवायला मन होईना.

फळीवर आता कुणी डबे ठेवत नाही. बायका समोर बसून कुटून घेतात आणि गरम मसाला तसाच पदराखाली घेऊन जातात. मी कुणाला थांब म्हणत नाही.

कोपरापर्यंत हात अजून चुरचुरतो आहे. शनिवारी दत्तूला भेटायला जाईन. मसाला कसा झालाय, असं तो विचारतोच. लाल झालाय, म्हणून सांगेन.

मला घरची म्हणालीस, तेवढं मागे घेऊ नकोस.

तुझी दमयंती