नऊ एमएमचा खडा

४ फेब्रुवारी
संध्याकाळच्या गाडीने संभाजीनगरहून परत. डॉ. मॅडमनी एमआरआयची फिल्म उजेडावर लावून दाखवली. आजाराचं नाव एन्डोमेट्रिओसिस. स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखंच अस्तर बाहेर, पोटात भलतीकडं वाढतं. पाळीच्या वेळी तेही सुजतं, रक्त धरतं, आतल्या आत सगळं चिकटवून टाकतं. सुनंदाच्या दोन्ही अंडाशयांत गाठी. मूल न राहण्याचं कारण बहुधा हेच. लग्नाला पंधरा वर्षं झाली, हे नाव कुणी घेतलं नव्हतं. जालन्यात गॅस म्हणाले, अशक्तपणा म्हणाले, एक जण म्हणाला, "मनावर घेऊ नका." मीही तेच म्हणत आलो.

बदनापूर स्टेशनवर शेजारच्या शकूवहिनी. "कुठं गेल्ते भाऊजी, जोडीनं?" सु.च्या हातात फिल्मची मोठी पिशवी. बाईचं पोट म्हटलं की पुढचा प्रश्न पोराचा. मी म्हणालो, "मुतखडा."
"अगं बाई! केवढा?"
"नऊ एमएम."
आकडा आपोआप तोंडात आला. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याचा आकडा गावात कुणी पडताळून बघत नाही. सु. रुळांकडं बघत राहिली.

७ फेब्रु.
गल्लीभर झालं. शकूवहिनी हुलग्याचं पाणी घेऊन आल्या, तांब्याभर. सु. संपवीपर्यंत हलल्या नाहीत. "बघ, भुगा होऊन पडतो का न्हाई." सु.ने एका दमात प्यायलं, तांब्या विसळून परत दिला. त्या गेल्यावर मला म्हणाली, "उद्यापासून तुम्ही प्या. खडा तुमचा हाय."
हसलो. मग तिचं तोंड पाहिलं.

१० फेब्रु.
माझा रिपोर्ट. मॅडमनी माझीही तपासणी सांगितली होती, ती मी इतकी वर्षं टाळत आलो. सगळं नॉर्मल. पहिला विचार आला: सुटलो. लगेच दुसरा: हे कुणाला तरी सांगावं. तिचं झाकायचं आणि माझं मिरवायचं. दहावी नापास मी, डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी मॅन्युअल वाचत काट्यांची विद्या कमावली, कुणासमोर मान खाली घातली नाही. आज घरातच...

१४ फेब्रु.
धान्याच्या मोंढ्यातले एक आडते काटा घेऊन दुकानात. बोलता बोलता खिशातून डबी काढली. आत कापसात त्यांचा स्वतःचा खडा, ऑपरेशननंतर जपून ठेवलेला. "सहाचा हाय. वहिनींचा निघाला की आणा, बराबर शेजारी ठेवून बघू." मी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "सहा नाही, पाच भरेल," म्हणालो.
सवय! खोट्यातही मापात चूक चालत नाही मला.

१८ फेब्रु.
सु.ची पाळी. सकाळपासून फरशीवर, गुडघे पोटाशी, पदराचा बोळा दातांत. मी दुकान उघडलं नाही. आधीच्या वेळी उघडायचो.
दुपारी शकूवहिनी आल्या, उंबऱ्यातच थांबल्या. "बाई गं. आमच्या पूजीला बी अस्संच दुखतं. दर महिन्याला. तुमचं ऐकलं म्हणून परवा तिची सोनोग्राफी केली. खडा न्हाई निघाला."
"मंग?" सु.ने विचारलं.
"मंग काय, बाप म्हणतो कॉलेज बुडवायची नाटकं करून राह्यली. दोन ठेवून दिल्या."
सु.ने तसं पडल्या पडल्या माझ्याकडं पाहिलं. बोलायची हीच वेळ होती. मी बोललो. म्हणालो, "बारीक खडा असला तर सोनोग्राफीत कधी कधी दिसत नाही."
हे मी म्हणालो. वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

१९ फेब्रु.
सु. दिवसभरात एकदाच बोलली. "तुमच्या खड्यापायी पोरगी मार खाऊन राह्यली."

२४ फेब्रु.
पुन्हा संभाजीनगर. मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. आधी मुलासाठी प्रयत्न: इंजेक्शनं, टेस्ट ट्यूब, तोवर दुखणं सोसायचं. किंवा आधी दुर्बिणीचं ऑपरेशन. त्याने दुखणं बरंच कमी व्हावं. पण गाठी काढताना बीजं घटू शकतात, मुलाची आशा कमी होऊ शकते. खात्री कशाचीच नाही. "तुम्हाला आधी काय हवंय?"
मी सुरुवात केली. सगळा इतिहास मला पाठ आहे, कोणतं औषध कुणी दिलं, काय गुण आला. मॅडम म्हणाल्या, "त्यांना विचारतेय."
सु. टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाली, "दुखणं थांबवा."
मी म्हणालो, अगं, इतकी वर्षं तू पोर पाहिजे म्हणत आलीस.
तर मॅडमना म्हणाली, मला नाही: "दुखतंय म्हणलं तर हे न्यायचे न्हाईत दवाखान्यात. पोरासाठी चला म्हणलं की न्यायचे. म्हणून मी तसं म्हणायची."
मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला पाणी विचारलं. सु.ला नाही, मला.
गाडीत सु.ला विचारलं, मग पोर नकोच होतं का? "पाहिजे व्हतं की. अजून बी हाय. पण आधी मला सरळ उभं तर राहू द्या."

२७ फेब्रु.
सु. आपणहून शकूवहिनींकडं गेली. परत येऊन कणीक मळायला बसली. "सांगितलं सगळं. खडा न्हाई, हे हाय. पूजाला बी हेच असंल, न्हाई तर न्हाई, पण दाखवायला पाहिजे."
"आणि मी खोटं बोललो ते?"
"ते सांगावं लागलं न्हाई."

१ मार्च
गुरुवारी मॅडमची वेळ, ऑपरेशनचं ठरवायला. पूजाला सोबत न्यायचं हा सु.चा हट्ट. शकूवहिनी आत्ता येऊन गेल्या. दारातच उभ्या, आवाज बारीक. "न्यायला काय न्हाई. पण लग्नाची पोरगी. पोटात असलं कायतरी हाय म्हणून पाव्हण्यांच्या कानावर गेलं तर कोण करील तिला? भाऊजी, तुम्ही बाप्या माणूस, एवढे हुशार, तुम्ही खडा म्हणलात. मंग मी काय म्हणू?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या, दुकानात लोक विचारतात तसं. 
सु.च म्हणाली, "पूजाच्या बापाशी हे बोलतील." मला न विचारता.
पूजाच्या बापाचा, भगवानभाऊंचा टेम्पो गल्लीत मागे घेतल्याचा आवाज येतोय. काय सांगायचं ते मनात मांडून बघतोय. दर वेळी पूजापासून सुरू होतं. सुरुवात आमच्यापासून करायला पाहिजे, माझ्या बायकोला, असं. "माझ्या बायकोला" इथपर्यंत येतं आणि पुढं
सु. आतून म्हणतेय, "जल्दी जा. एकदा जेवायला बसले की ते कुणाचं ऐकत न्हाईत."